पाण्याच्या सारख्या मापाच्या पायऱ्या

टॉडमॉर्डन हे इंग्लंडमधलं जुनं गिरणगाव. इथल्या दरीतून रॉचडेल कालवा पेनाइन डोंगररांग चढत जातो. १८०४ मध्ये तो पूर्ण झाला, १९५२ मध्ये बंद पडला आणि २००२ मध्ये पुन्हा खुला झाला. आता त्यातून नॅरोबोटी फिरतात. जेमतेम २.१ मीटर रुंद आणि चांगल्या लांबलचक अशा या बोटी डोंगर चढतात त्या पंपाशिवाय, फक्त पाण्याच्या उताराच्या जोरावर.

यासाठी आहे ‘लॉक’, म्हणजेच जलपाश. दोन्ही टोकांना दरवाजे असलेली ही दगडी हौदासारखी खोली. बोट खालून आत येते, मागचा दरवाजा लावला जातो. मग एल-आकाराचं हँडल फिरवून वरच्या बाजूच्या झडपा उघडल्या, की वरचं पाणी आत येतं आणि बोट सुमारे तीन मीटर उचलली जाते.

दरवाजाची दोन कवाडं सरळ रेषेत मिटत नाहीत. ती वरच्या पाण्याकडे टोक करून एकमेकांना टेकतात. त्यामुळे पाणी जितकं जोरात ढकलेल, तितकी ती घट्ट बसतात. बंद खालच्या दरवाजावर तीसेक टनांचा भार सहज येतो, आणि तोच भार त्याला मिटलेलं ठेवतो. उघडायची वेळ आली की मात्र दोन्हीकडची पातळी जुळायलाच हवी. पाण्यात पाच सेंटिमीटरचा फरक उरला, तरी एका कवाडावर दीडशे किलोच्या आसपास भार राहतो. कवाडाच्या लांब लाकडी दांड्याला पाठ लावून कितीही रेटा, ते हलत नाही. मिनिटभर थांबलं, की तेच कवाड एकटा माणूस उघडतो.

खरा प्रश्न पाण्याच्या खर्चाचा. जलपाश २२ मीटर लांब, ४.३ मीटर रुंद. एकदा रिकामा केला की पावणेतीन लाख लिटरहून जास्त पाणी खाली जातं, आणि ते आपोआप परत वर येत नाही. इथल्या ओढ्यांवर गिरण्यांची पाणचक्की चाले, म्हणून गिरणीमालकांनी कालव्याला ते पाणी द्यायला विरोध केला. अखेर कालव्यासाठी हॉलिंगवर्थ लेकसारखे तलाव बांधावे लागले.

विल्यम जेसप या अभियंत्याने इथे जे केलं ते मला फार आवडतं. त्याने जलपाशांची उंची शक्य तितकी सारखी ठेवली. त्यामुळे दरवाजे एकाच मापाचे बनवता आले, आणि वरच्या जलपाशातून सोडलेलं पाणी खालच्याला नेमकं पुरलं. एखादाच जलपाश जास्त खोल असता, तर प्रत्येक फेरीत तिथे वेगळं पाणी आणावं लागलं असतं.

बोट किती पाणी खर्च करते, हे ती कुठे जातेय त्यावरही अवलंबून असतं. बोट आपल्या वजनाइतकं पाणी बाजूला सारते. १५ टनांची बोट वर चढून बाहेर पडली, की तिच्या जागी वरचं १५ हजार लिटर पाणी आत शिरतं. उतरताना उलट घडतं: बोट आत शिरते तेव्हा तितकंच पाणी वर ढकललं जातं. दोन नॅरोबोटी शेजारी-शेजारी मावतात, म्हणून मागून दुसरी येताना दिसली तर तिच्यासाठी थांबायचं. एकाच भरण्यात दोघी वर जातात.