मोसमाआधीचे टेनिस : दम आधी येतो, कंडरा मागे राहते

सोलापुरात मे महिना संपतो तेव्हा महाविद्यालयीन टेनिस संघातील बहुतेक मुलांनी महिना-दीड महिना रॅकेटला हात लावलेला नसतो. आधी परीक्षा, मग चाळिशी ओलांडलेला पारा, त्यात कोणी बार्शीला, कोणी अक्कलकोटला, कोणी पंढरपूरला आपापल्या घरी गेलेला. महाविद्यालये पुन्हा गजबजली की संघ कोर्टवर जमतो आणि क्रीडाशिक्षकांपुढे दरवर्षीचा प्रश्न उभा राहतो : आंतरमहाविद्यालयीन सामन्यांपर्यंत, आणि विद्यापीठाच्या संघात कोणाची निवड झालीच तर आंतरविद्यापीठ स्पर्धेपर्यंत, या मुलांना तयार कसे करायचे? रूढ उत्तर असे की पहिले काही आठवडे भरपूर पळवावे आणि दम वाढला की सर्व्हिसचा व सामन्यांचा सराव वाढवावा. हे उत्तर अगदीच चुकीचे नाही, परंतु संपूर्ण शरीर एकाच वेगाने तयार होते असे त्यात गृहीत धरलेले असते. प्रत्यक्षात रक्त, स्नायू, कंडरा (स्नायू हाडाला जोडणारी दोरीसारखी ऊती) आणि हाड यांचा तयारीचा वेग निरनिराळा असतो, आणि मोसमाच्या सुरुवातीच्या कित्येक दुखण्यांचे मूळ या वेगांमधील तफावतीत सापडते.

या चौघांत सर्वांत चपळ रक्त. सराव थांबला की रक्तातील द्रव भाग, म्हणजे रक्तद्रव, काही दिवसांतच घटू लागतो; त्यामुळे हृदयाच्या प्रत्येक ठोक्याला पुढे ढकलले जाणारे रक्त कमी होते आणि तेवढ्याच श्रमाला नाडी अधिक जलद चालते. सुटीनंतरच्या पहिल्या दिवशी मुलांची जी दमछाक होते, तिचा मोठा वाटा याच घटीचा असतो. मात्र जे लवकर जाते ते लवकर परतही येते. उन्हात रोज तास-दीड तास चांगला घाम निघेल असा सराव केला तर पहिल्या तीन ते पाच दिवसांतच रक्तद्रव वाढतो, आणि १० ते १४ दिवसांत घाम लवकर सुटू लागतो, अधिक प्रमाणात येतो व त्यातील मिठाचे प्रमाण कमी होते. शरीराच्या या जुळवणीला उष्णतेशी समायोजन म्हणतात.

येथे सोलापूरच्या हवेची एक खोच आहे. मे महिन्याची काहिली सोसलेले शरीर जून-जुलैच्या ढगाळ, वाऱ्याच्या दिवसांत ते समायोजन गमावून बसते, कारण उष्णतेचा संपर्क तुटला की दोन ते चार आठवड्यांत त्याचा बराचसा भाग ओसरतो. सराव पहाटे सहाला आणि सामने ऑक्टोबरच्या उन्हात भर दुपारी, अशी वेळ आली तर मुलगा सोलापूरचा असला तरी त्याचे शरीर त्या उन्हाला नवखेच असते. ‘आमच्या पोरांना उन्हाची सवय आहे’ हे वाक्य मैदानावर अभिमानाने उच्चारले जाते, पण ही सवय जन्मगावावरून ठरत नसून मागच्या तीन आठवड्यांत सराव कोणत्या वेळी झाला यावरून ठरते. स्पर्धेआधीचे दोन आठवडे सरावाची वेळ हळूहळू उन्हाकडे सरकवणे, सावली आणि पाणी हाताशी ठेवून, हा त्यावरचा साधा उपाय होय.

घामाचे गणितही समजून घेण्याजोगे आहे. स्नायू जेवढी ऊर्जा वापरतात तिचा जेमतेम पाचवा ते चौथा हिस्सा हालचालीच्या कामी येतो, बाकीची उष्णता होते. एक लिटर घाम त्वचेवरून पूर्णपणे वाळला तर तो सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. परंतु जो घाम थेंबाथेंबाने खाली टपकतो तो जवळजवळ काहीच नेत नाही. सोलापूरची हवा पावसाळ्याबाहेर कोरडी असते. ३६ अंश सेल्सिअस तापमान आणि ३० टक्के सापेक्ष आर्द्रता असताना ओल्या फडक्यात गुंडाळलेला तापमापक सुमारे २३ अंश दाखवतो. मुंबईसारख्या किनाऱ्यावरच्या गावी ३१ अंश आणि ७५ टक्के आर्द्रता असेल तर तोच तापमापक सुमारे २७ अंशांवर जातो. म्हणजे साध्या तापमापकाप्रमाणे थंड वाटणारे गाव टेनिसपटूच्या शरीराला अधिक जड जाऊ शकते. म्हणूनच क्रीडावैद्यक ज्या निर्देशांकावर भरवसा ठेवते त्यात ओल्या तापमापकाला ७० टक्के, उन्हात ठेवलेल्या काळ्या गोळ्यातील तापमापकाला २० टक्के आणि साध्या तापमापकाला केवळ १० टक्के वजन दिलेले असते. उन्हात खेळणाऱ्या पुरुष खेळाडूला तासाला एक ते अडीच लिटर घाम येऊ शकतो, आणि त्याबरोबर मीठही जाते. म्हणून तासन्‌तास नुसते साधे पाणी ढोसत राहण्यापेक्षा मीठ घातलेले ताक किंवा लिंबू-मीठ-साखरेचे पाणी बरे. डब्यातली कडक भाकरी आणि शेंगाचटणी हेही या बाबतीत मुळीच वाईट खाणे नाही.

आता पळण्याविषयी. टेनिसमधील बहुतेक गुण दहा सेकंदांच्या आत संपतात, दोन गुणांमध्ये नियमानुसार २५ सेकंदांपर्यंत विश्रांती मिळते आणि बाजू बदलताना ९० सेकंद मिळतात. एकेरीचे कोर्ट ८.२३ मीटर रुंद असल्याने बहुतेक धावा तीन-चार मीटरांच्याच असतात, आणि त्या प्रत्येक धावेत सुटणे, थांबणे व दिशा बदलणे हे सारे येते. अशा झटक्यांना लागणारी ऊर्जा स्नायूंतील क्रिएटिन फॉस्फेटच्या साठ्यातून येते. हा साठा साधारण अर्ध्या मिनिटात निम्मा भरतो आणि पूर्ण भरायला तीन ते पाच मिनिटे घेतो. मैदानाच्या फेऱ्या मारून त्या झटक्यांचा सराव होत नाही हे खरे, पण साठा पुन्हा भरण्याचे काम प्राणवायूवर चालत असल्याने दमाचा पाया कच्चा असलेला मुलगा तिसऱ्या सेटमध्ये मागे पडतो हेही तितकेच खरे आहे. तेव्हा फेऱ्या हव्यात, पण पहिल्या दोन-तीन आठवड्यांपुरत्या आणि मोजक्या. पुढे त्यांची जागा २५ सेकंदांच्या विश्रांतीने तोडलेल्या छोट्या, तिरकस धावांनी घ्यावी.

खरा पेच पुढे आहे. स्नायूंची ताकद पहिल्या तीन-चार आठवड्यांतच वाढल्यासारखी दिसते, कारण मेंदू आणि मज्जारज्जू असलेल्याच स्नायूतंतूंना अधिक संख्येने व अधिक एकदिलाने कामाला लावायला शिकतात. त्यामागोमाग स्नायूही जाड होऊ लागतात. स्नायूंना रक्तपुरवठा भरपूर असतो. कंडरेचे तसे नाही : ती मुख्यतः कोलॅजेन या प्रथिनाच्या घट्ट तंतूंची बनलेली असते, तिच्यात पेशी थोड्या आणि रक्तवाहिन्या त्याहून थोड्या. मोटेला नवा जोमदार बैल जुंपावा आणि नाडा मात्र गेल्या वर्षीचाच ठेवावा, अशी अवस्था मोसमाच्या चौथ्या-पाचव्या आठवड्यात पोटरीच्या स्नायूंची आणि टाचेमागच्या कंडरेची असते.

ही कंडरा किती सावकाश बदलते याचा पुरावा एका अनपेक्षित ठिकाणाहून मिळाला. १९५५ ते १९६३ या काळात उघड्यावर झालेल्या अणुचाचण्यांमुळे वातावरणातील कार्बन-१४चे, म्हणजे कार्बनच्या एका किरणोत्सारी रूपाचे, प्रमाण जवळजवळ दुप्पट झाले आणि १९६३च्या चाचणीबंदी करारानंतर ते वर्षानुवर्षे उतरत गेले. हा कार्बन वनस्पतींमार्फत अन्नात आणि अन्नातून माणसाच्या ऊतींत उतरला, त्यामुळे एखादी ऊती कोणत्या वर्षांत तयार झाली हे तिच्यातील कार्बन-१४ मोजून सांगता येते. डेन्मार्कमधील संशोधकांनी २०१३ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात ही पद्धत टाचेच्या कंडरेला लावली. तिच्या गाभ्यातील द्रव्य आयुष्याच्या पहिल्या १७ वर्षांच्या सुमारास तयार होऊन जाते आणि त्यानंतर त्याचे नूतनीकरण जवळजवळ होत नाही, असे त्यांना आढळले. त्याच व्यक्तींच्या स्नायूंत मात्र नूतनीकरण चालू असल्याचे दिसले. महाविद्यालयाच्या पहिल्या वर्षाला प्रवेश घेणाऱ्या मुलाचे वय लक्षात घेतले तर या निष्कर्षाचे महत्त्व पटते. ज्या कंडरेवर तो पुढची सारी वर्षे खेळणार आहे, तिचा गाभा तो संघात येतो त्या सुमारास घडून चुकलेला असतो.

याचा अर्थ कंडरेला व्यायामाचा काही उपयोग नाही असा मात्र नाही. जड आणि सावकाश ताण नियमितपणे दिला तर ती अधिक ताठ व अधिक सोशिक होते, फक्त त्याला तीन महिने आणि त्याहून अधिक काळ लागतो. पायरीच्या कडेवर चवड्यांनी उभे राहून टाचा चार-पाच मोजत खाली नेणे आणि तितक्याच संथपणे वर आणणे, पुढे पाठीवर पिशवीत वजन घेऊन तेच करणे, एवढ्या साधनांत हे काम होते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या अस्थिबंधांवरील (हाडाला हाड जोडणाऱ्या, कंडरेसारख्याच पट्ट्यांवरील) प्रयोगांत असेही दिसले की पेशी सुमारे दहा मिनिटांच्या ताणाला प्रतिसाद देतात आणि पुढचे सहा तास नव्या ताणाकडे फारसे लक्ष देत नाहीत. जिवंत खेळाडूला हे आकडे तसेच्या तसे लागू करता येणार नाहीत, पण एकाच बैठकीत तासभर घाम गाळण्याऐवजी सकाळी दहा मिनिटे आणि संध्याकाळी दहा मिनिटे ही विभागणी त्यावरून पटण्यासारखी वाटते.

कंडरा तक्रार करू लागते ती मोठ्या चतुराईने. सकाळी अंथरुणातून उठल्यावर पहिली काही पावले टाकताना टाचेच्या वर ताठरपणा जाणवतो. अंगठा आणि तर्जनीच्या चिमटीत कंडरा धरून टाचेच्या हाडापासून दोन ते सहा सेंटीमीटर वरच्या पट्ट्यात दाबले तर एका जागी कळ येते, कधी ती जागा दुसऱ्या पायापेक्षा किंचित जाडही लागते. पण कोर्टवर दहा मिनिटे पळाल्यावर सारे नाहीसे होते. ‘गरम झाल्यावर काही दुखत नाही, सर,’ असे सांगणारा मुलगा खोटे बोलत नसतो, आणि म्हणूनच त्याला संध्याकाळी विचारण्याऐवजी सकाळचे विचारावे. सोलापुरात आता रूढ झालेल्या सिंथेटिक कोर्टवर बूट घसरत नाही, जागीच रोवला जातो. मातीच्या कोर्टवर घसरत थांबताना जो वेग मातीत जिरतो तो येथे घोटा, गुडघा आणि त्यांच्याभोवतीच्या कंडरांना सोसावा लागतो.

खांद्याची गोष्ट थोडी वेगळी आहे. चेंडू तारांना जेमतेम पाच सहस्रांश सेकंद चिकटलेला असतो, पण त्या क्षणासाठी पाय, कंबर आणि धड यांनी मिळून जोराचा निम्म्याहून अधिक भाग पुरवलेला असतो, आणि शेवटी दंड आतल्या बाजूला इतक्या झपाट्याने फिरतो की अव्वल पुरुष खेळाडूंमध्ये हा वेग सेकंदाला २००० अंशांच्या पुढे मोजला गेला आहे. फिरवणारे स्नायू मोठे असतात; चेंडू सुटल्यावर त्या हाताला आवरणारे, खांद्याच्या मागचे स्नायू लहान असतात. सुटीनंतर पाय आणि कंबर आळसावलेली असताना मुलगा जुन्या सवयीने जुन्याच वेगाची सर्व्हिस मारू पाहतो, तेव्हा उरलेला जोर खांदा भरून काढतो. हे तपासायला यंत्र लागत नाही. मुलाला उताणे झोपवावे, दंड बाजूला काटकोनात व कोपर काटकोनात ठेवावे, खांद्याचा पुढचा भाग हलक्या हाताने दाबून ठेवून मनगट पायांच्या दिशेने किती खाली जाते ते दोन्ही हातांचे पाहावे. खेळणाऱ्या हाताचे आतल्या बाजूचे फिरणे थोडे कमी असणे टेनिसपटूंत नेहमीचेच. हा फरक २० अंशांच्या आसपास गेला, आणि बाहेरच्या बाजूच्या वाढलेल्या फिरण्याने तो भरून निघत नसेल, तर सर्व्हिसची संख्या वाढवण्याआधी रबरी पट्ट्याचे व्यायाम आणि ताण देणे सुरू करावे.

हाडालाही स्वतःचे वेळापत्रक असते. १९७७ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात व्यावसायिक टेनिसपटूंच्या दोन्ही दंडांची क्ष-किरण छायाचित्रे तुलनेला घेतली होती. पुरुषांमध्ये खेळणाऱ्या हाताच्या हाडाचे बाह्य आवरण दुसऱ्या हातापेक्षा सुमारे ३५ टक्के जाड आढळले. ही कमाई कित्येक वर्षांची होती. अल्प काळात मात्र उलटे घडते : नवा ताण आला की जुने हाड आधी कुरतडले जाते, त्याला काही आठवडे लागतात, आणि नवे हाड भरायला त्यानंतर महिने जातात. या मधल्या काळात कमरेच्या मणक्यांवर, सर्व्हिसच्या वेळी मागे वाकून वळताना, सूक्ष्म चिरा पडण्याचा धोका तरुण खेळाडूंत असतो. पाठ मागे वाकवल्यावर कमरेत एका बाजूला दुखत असेल तर ते अंगदुखीत मोजू नये, डॉक्टरांकडे जावे.

सरावाचा भार आठवड्याला दहा टक्क्यांहून अधिक वाढवू नये, हा सर्वत्र सांगितला जाणारा नियम सोयीचा असला तरी त्यामागे भक्कम पुरावा नाही. त्याहून उपयुक्त गोष्ट म्हणजे नेमके काय मोजायचे ते ठरवणे. क्रीडाशिक्षकांच्या वहीत सरावाचे तास लिहिलेले असतात, पण त्या तासांत किती सर्व्हिस मारल्या आणि त्यांतल्या किती पूर्ण जोराने मारल्या हे क्वचितच सापडते. खांद्याला आणि कमरेला तास कळत नाहीत, सर्व्हिस कळतात. साहित्याचेही असेच : सुटीत तापलेल्या माळ्यावर पडलेल्या रॅकेटच्या तारांचा ताण न खेळताही उतरलेला असतो, आणि पावसाळी ओल्या कोर्टवर लोळलेला चेंडू पाणी पिऊन आपल्या ५६ ते ५९.४ ग्रॅमच्या मर्यादेबाहेर सहज जातो. तसा चेंडू पहिल्या महिन्यात सर्व्हिसच्या टोपलीत नसावा.

स्पर्धेच्या आधीचे दोन आठवडे हे वाढवण्याचे नसून उतरवण्याचे असतात. विविध सहनशक्तीच्या खेळांवरील अभ्यासांचा एकत्रित आढावा असे दाखवतो की सरावाचे एकूण प्रमाण ४० ते ६० टक्क्यांनी घटवावे आणि तीव्रता मात्र तशीच ठेवावी. टेनिसलाही हे लागू करायला हरकत दिसत नाही. सर्व्हिस कमी, पण ज्या मारायच्या त्या पूर्ण वेगाने. सराव सामने आखूड, पण उन्हाच्या वेळेत, म्हणजे घामाची सवय मोडत नाही. पायरीवरचा टाचांचा व्यायाम आठवड्यातून दोनदा, कमी वजनाने, चालूच ठेवावा, आणि तो सामन्याच्या आदल्या दिवशी मात्र करू नये.