कर्बोदकांचे कप्पे कसे पडले

पाठ्यपुस्तकातला कर्बोदकांचा तक्ता पाहिला की सगळे कप्पे एकाच बैठकीत आखल्यासारखे वाटतात. एकशर्करा, द्विशर्करा, बहुशर्करा. अल्डोज आणि कीटोज. क्षपणकारी (दुसऱ्या पदार्थाला इलेक्ट्रॉन देणारी) आणि अक्षपणकारी. अल्फा आणि बीटा. प्रत्यक्षात यातली प्रत्येक विभागणी वेगळ्या प्रयोगातून आली, आणि पहिल्या व शेवटच्या प्रयोगात शंभराहून अधिक वर्षे गेली. कोणता कप्पा कोणत्या कसोटीवर उभा आहे हे कळले, की सुक्रोज (उसाची साखर) बेनेडिक्ट चाचणी (तांब्याच्या क्षाराने शर्करा ओळखण्याची कसोटी) का देत नाही आणि फ्रुक्टोज (फळांतली साखर) कीटोन असूनही ती का देते, हे घोकावे लागत नाही.

सुरुवात एका साध्या प्रश्नाने झाली : दोन वनस्पतींमधली साखर एकच असते का? १७४७ मध्ये बर्लिनच्या आंद्रेआस मार्कग्राफ यांनी बीट वाळवले, तीव्र अल्कोहोलमध्ये उकळले, गाळले आणि तो अर्क ठेवून दिला. काही आठवड्यांनी त्यात स्फटिक धरले. सूक्ष्मदर्शकाखाली ते उसाच्या साखरेच्या स्फटिकांसारखेच दिसले. अल्कोहोल वापरण्यात खुबी होती. गरम अल्कोहोलमध्ये साखर विरघळते, पण डिंकासारखे चिकट पदार्थ आणि प्रथिने मागे राहतात. तीच मंडळी पाण्याच्या अर्कात स्फटिक धरू देत नाहीत. मनुकांमधून मिळणारी साखर मात्र वेगळी वागते, हेही मार्कग्राफ यांच्या लक्षात आले होते. तिला पुढे, १८३८ मध्ये, ‘ग्लुकोज’ हे नाव मिळाले.

‘कर्बोदक’ या नावाचे मूळ १८११ सालच्या वजनकाट्यात आहे. पॅरिसमध्ये गे-ल्युसॅक आणि थेनार यांनी साखर, स्टार्च, डिंक, लाकूड असे वनस्पतिजन्य पदार्थ पोटॅशियम क्लोरेटसोबत जाळले, निघालेले वायू मोजले आणि त्यावरून प्रत्येकात किती कार्बन, हायड्रोजन व ऑक्सिजन आहे ते काढले. पदार्थांचे तीन गट पडले. आम्लांमध्ये ऑक्सिजन जास्त निघाला, तेले आणि राळा यांच्यात हायड्रोजन जास्त निघाला, आणि साखर-स्टार्चच्या गटात या दोघांचे प्रमाण हुबेहूब पाण्यातल्यासारखे आले. आजच्या आकड्यांनी सुक्रोज तपासून पाहा. १०० ग्रॅममध्ये कार्बन ४२.१, हायड्रोजन ६.५ आणि ऑक्सिजन ५१.४ ग्रॅम. ५१.४ ला ६.५ ने भागले तर जवळपास ८ येतात, आणि पाण्यातही वजनाने हेच प्रमाण असते. म्हणून हा पदार्थ म्हणजे कार्बन अधिक पाणी. १८४४ मध्ये कार्ल श्मिट यांनी याच कल्पनेवरून जर्मनमध्ये नाव दिले, आणि मराठीतला ‘कर्ब’ आणि ‘उदक’ यांचा जोडशब्द त्याचेच रूप आहे.

नाव टिकले, पण त्यामागची कल्पना टिकली नाही. रेणूत पाणी म्हणून काही साठवलेले नसते. कार्बनच्या साखळीला हायड्रॉक्सिल गट आणि एक अल्डिहाइड किंवा कीटोन गट जोडलेला असतो; अल्डिहाइडवाली शर्करा ती अल्डोज, कीटोनवाली ती कीटोज. प्रमाणाचा नियमही दोन्ही बाजूंनी मोडतो. असेटिक आम्ल आणि लॅक्टिक आम्ल प्रमाणात चपखल बसतात, पण ती कर्बोदके नाहीत. डिऑक्सिरायबोज आणि ऱ्हॅम्नोज यांच्यात एक ऑक्सिजन कमी आहे, तरी ती कर्बोदकेच आहेत. कीटकांच्या कवचातल्या कायटिनमध्ये तर नायट्रोजनही असतो. म्हणून ‘हायड्रोजन आणि ऑक्सिजन दोनास एक’ ही व्याख्या म्हणून शिकवणे मला चुकीचे वाटते; ती नावाची जन्मकथा म्हणून सांगावी.

एकशर्करा ते बहुशर्करा ही मुख्य विभागणी मात्र उकळत्या आम्लातून आली. १८११ मध्येच सेंट पीटर्सबर्गला किर्खोफ यांनी स्टार्च विरल सल्फ्युरिक आम्लात तासन्‌तास उकळला. त्यांना हवा होता डिंकाला पर्याय, हाती आले गोड द्रावण. खडूची पूड टाकून आम्ल उदासीन केले, गाळले, आटवले, की साखर उरत असे. त्यात आम्ल खर्ची पडत नव्हते. जेवढे घातले तेवढेच शेवटी शिल्लक होते. उत्प्रेरक ही संकल्पना मांडताना बर्झीलियस यांनी पुढे ज्या उदाहरणांचा आधार घेतला, त्यात हे एक होते. थोड्याच वर्षांत सोस्यूर यांनी वजन केले, तर निघालेली साखर मूळ स्टार्चपेक्षा जड भरली. याचा अर्थ स्टार्चने पाणी घेतले होते. साखळीतला प्रत्येक दुवा तुटताना पाण्याचा एक रेणू आत जातो, म्हणून १६२ ग्रॅम कोरड्या स्टार्चमधून सैद्धांतिकदृष्ट्या १८० ग्रॅम ग्लुकोज मिळते. १८१९ मध्ये ब्राकोनो यांनी संहत सल्फ्युरिक आम्ल वापरून लाकडाचा भुसा आणि तागाच्या चिंध्या यांच्यापासूनही साखर काढली. मग व्याख्या सरळ झाली. ज्याचे जलीय अपघटन (पाणी घेऊन तुटणे) करून आणखी लहान शर्करा मिळत नाही ती एकशर्करा. एका रेणूतून दोन निघाल्या तर द्विशर्करा. शेकडो-हजारो निघाल्या तर बहुशर्करा.

हे अपघटन डोळ्यांना दिसते. १ टक्का स्टार्चच्या द्रावणात थोडे विरल हायड्रोक्लोरिक आम्ल घालून उकळत ठेवा आणि दर दोन-तीन मिनिटांनी एक थेंब पांढऱ्या टाइलवरच्या आयोडीनच्या थेंबात सोडा. आधी गडद निळा, मग जांभळा, मग लालसर तपकिरी, आणि शेवटी फक्त आयोडीनचा पिवळेपणा. स्टार्चच्या वेटोळ्यात आयोडीन अडकते तेव्हा निळा रंग येतो. साखळी आखूड होत जाते तसा तो उतरतो. इथे दोन चुका नेहमी होतात. द्रावण गरम असताना आयोडीन घातले तर वेटोळे सुटलेले असते आणि रंग येतच नाही. थंड केल्यावर तो परततो. आणि माध्यम अल्कधर्मी असेल तर आयोडीन स्वतःच संपून जाते. दोन्ही वेळा स्टार्च असूनही ‘स्टार्च नाही’ असा निष्कर्ष निघतो.

१८१५ मध्ये ब्यो यांनी दाखवले की साखरेचे द्रावण ध्रुवित (एकाच पातळीत कंप पावणाऱ्या) प्रकाशाची पातळी वळवते. सुक्रोजचे विशिष्ट वळण उजवीकडे ६६.५ अंश. आम्लाने तोडल्यावर तेच द्रावण डावीकडे सुमारे २० अंश वळवू लागते. वळण उलटते म्हणून या मिश्रणाला अपवृत्त शर्करा म्हणतात. १८४७ मध्ये द्युब्रुंफो यांनी त्यातून फ्रुक्टोज वेगळे काढले आणि कोडे सुटले. ग्लुकोजचे वळण उजवीकडे ५२.७, फ्रुक्टोजचे डावीकडे ९२. समसमान मिश्रणात डावे वरचढ ठरते.

क्षपणकारी-अक्षपणकारी ही विभागणी तांब्याच्या क्षारांवरून पडली. १८४१ मध्ये ट्रॉमर यांनी पाहिले, की मोरचुदाच्या अल्कधर्मी द्रावणात ग्लुकोज तापवले तर तांबडा क्युप्रस ऑक्साइड खाली बसतो, आणि उसाची साखर तशी वागत नाही. पण नुसत्या अल्कलीत तांब्याचे हायड्रॉक्साइड गाठी धरते आणि तापवल्यावर काळे पडते. फेलिंग यांनी १८४०च्या दशकाच्या अखेरीस टार्टरेट घालून तांबे द्रावणात धरून ठेवले, पण त्यांची दोन द्रावणे वेगळी ठेवून ऐनवेळी मिसळावी लागतात. बेनेडिक्ट यांनी विसाव्या शतकाच्या सुरुवातीला सिट्रेट आणि सौम्य सोडियम कार्बोनेट घेतले, तेव्हा एकाच बाटलीत टिकणारे द्रावण मिळाले : एका लिटरला मोरचूद १७.३ ग्रॅम, सोडियम सिट्रेट १७३ ग्रॅम, निर्जल सोडियम कार्बोनेट १०० ग्रॅम.

चाचणी सोपी आहे. ५ मिलि बेनेडिक्ट द्रावणात नमुन्याचे ८ थेंब घाला आणि परीक्षानळी उकळत्या पाण्यात ५ मिनिटे ठेवा. शर्करेच्या प्रमाणानुसार हिरवा, पिवळा, नारिंगी किंवा विटकरी साका (खाली बसणारा गाळ) येतो. सुक्रोज तपासायचे असेल तर आधी ते विरल हायड्रोक्लोरिक आम्लासोबत उकळून तोडायचे, आणि नेमकी इथेच चाचणी फसते. उरलेले आम्ल उदासीन न करता बेनेडिक्ट घातले तर आम्ल कार्बोनेटला खाते, माध्यम अल्कधर्मी राहत नाही आणि साका येत नाही. सोडियम बायकार्बोनेट चिमटीचिमटीने घाला, फसफस पूर्ण थांबेपर्यंत. मगच पुढे जा.

फ्रुक्टोजमध्ये अल्डिहाइड गट नाही, तरी ते विटकरी साका देते. कारण अल्कलीत त्याची पुनर्रचना होऊन काही भाग ग्लुकोज आणि मॅनोज बनतो. म्हणजे बेनेडिक्टवरून अल्डोज-कीटोज ठरत नाही. ते ठरवायला सेलिवानोफची चाचणी आहे : रिसॉर्सिनॉल आणि हायड्रोक्लोरिक आम्लासोबत कीटोज चटकन लाल होते. मिनिटभर तापवून निकाल वाचावा. जास्त उकळले तर ग्लुकोजही लाल होऊ लागते, आणि सुक्रोज तर आम्लात तुटून फ्रुक्टोजचाच निकाल देते.

अल्डोज आणि कीटोज यांचा खरा पुरावा किलियानी यांनी १८८०च्या दशकात दिला. शर्करेला हायड्रोजन सायनाइड जोडून साखळी एका कार्बनने वाढवायची, मग सगळे हायड्रॉक्सिल गट काढून टाकून काय उरते ते पाहायचे. ग्लुकोजपासून सात कार्बनचे सरळ साखळीचे आम्ल मिळाले, म्हणजे नवा कार्बन टोकाला लागला होता. फ्रुक्टोजपासून फांदी असलेले आम्ल मिळाले, म्हणजे तो दुसऱ्या कार्बनला लागला होता. इतका स्वच्छ पुरावा रसायनशास्त्रात क्वचितच सापडतो.

तरी ग्लुकोज, मॅनोज, गॅलॅक्टोज यांचे सूत्र एकच, साखळी एकच. मग फरक कशाचा? १८७४ मध्ये व्हान्ट हॉफ आणि ल बेल यांनी कार्बनचे चार बंध अवकाशात पसरलेले असतात हे मांडले होते. त्यानुसार सहा कार्बनच्या अल्डोजमध्ये चार असममित कार्बन (चार वेगवेगळे गट जोडलेले), म्हणजे १६ समघटक (सूत्र तेच, मांडणी वेगळी) संभवतात. एमिल फिशर यांनी यातले ग्लुकोज कोणते ते १८९१ पर्यंत ठरवले. त्यांचे हत्यार होते फेनिलहायड्राझिन, त्यांनी स्वतःच शोधलेले आणि प्रकृतीला घातक ठरलेले. शर्करांचे पाक काही केल्या स्फटिक धरत नाहीत. फेनिलहायड्राझिनसोबत मात्र पिवळे, ओळखता येणारे ओसाझोन मिळतात. ग्लुकोज, मॅनोज आणि फ्रुक्टोज यांचे ओसाझोन एकच निघाले. ओसाझोन बनताना फक्त पहिले दोन कार्बन बदलतात, म्हणून तिघांचा खालचा भाग सारखाच असला पाहिजे. ग्लुकोज आणि मॅनोज यांतले कोणते कोणते, हे ठरवायला फिशर यांनी साखळीची दोन टोके बदलून पाहिली. मॅनोजची टोके उलटली तर पुन्हा मॅनोजच मिळते. ग्लुकोजची उलटली तर गुलोज ही नवी शर्करा मिळते, आणि ती त्यांनी प्रत्यक्ष तयार केली. आरशातल्या दोन प्रतिमांपैकी खरी कोणती, हे तेव्हा कळणे शक्यच नव्हते. फिशर यांनी एक गृहीत धरली. १९५१ मध्ये बेय्फूट यांनी टार्टारिक आम्लाच्या क्षारावर क्ष-किरणांनी तपासले, तेव्हा ती निवड बरोबर ठरली.

एक विसंगती उरली होती. ग्लुकोजचे ताजे द्रावण उजवीकडे ११२ अंश वळवते आणि काही तासांत ५२.७ वर येऊन थांबते. हे द्युब्रुंफो यांनी १८४६ मध्येच नोंदवले होते. तांरे यांनी १८९५ मध्ये वेगवेगळ्या वळणाचे ग्लुकोजचे स्फटिक वेगळे केले. साखळी स्वतःवर वळून वलय बनवते आणि पहिल्या कार्बनवरचा हायड्रॉक्सिल गट दोन दिशांना राहू शकतो, म्हणून अल्फा आणि बीटा. द्रावणात सुमारे ३६ टक्के अल्फा आणि ६४ टक्के बीटा असते; उघडी साखळी एक टक्काही नसते. वलय पाच नव्हे तर सहा अणूंचे आहे हे हॅवर्थ यांनी १९२६ मध्ये सिद्ध केले. ध्रुवणमापकावर (हे वळण मोजणाऱ्या उपकरणावर) काम करणाऱ्याने हे विसरू नये : ग्लुकोजचे द्रावण करून लगेच वाचन घेतले तर आकडा मोठा येतो. अमोनियाचा एखादा थेंब समतोल लवकर आणतो.

वलय कळल्यावर आधीचे कप्पेही उलगडले. सुक्रोजमध्ये दोन्ही घटकांचे क्षपणकारी कार्बन एकमेकांना बांधलेले असतात, म्हणून कोणतेच वलय उघडत नाही आणि बेनेडिक्ट चाचणी येत नाही. स्टार्चमध्ये अल्फा दुवे असल्याने साखळी वेटोळे घेते. सेल्युलोजमध्ये तेच ग्लुकोज बीटा दुव्यांनी जोडलेले असल्याने साखळी सरळ राहते, शेजारच्या साखळ्यांना हायड्रोजन बंधांनी चिकटते आणि तंतू बनते. आपल्या पचनरसांत ते तोडणारे विकर (एन्झाइम) नाही.

आहारशास्त्रातली ‘साधी’ आणि ‘जटिल’ ही जोडी १९७७च्या अमेरिकी आहार-उद्दिष्टांमुळे रूढ झाली. ती रासायनिक म्हणून वापरू नये. शिजवलेला स्टार्च ‘जटिल’ असूनही झपाट्याने पचतो. १९९८च्या एफएओ (अन्न व कृषी संघटना) आणि डब्ल्यूएचओ (जागतिक आरोग्य संघटना) यांच्या अहवालाने घटकांची संख्या धरली : एक-दोन घटकांच्या शर्करा, तीन ते नऊ अल्पशर्करा, दहापासून पुढे बहुशर्करा. नऊ आणि दहा घटकांच्या साखळ्यांच्या रसायनात मात्र कोणतीही पायरी नाही. प्रयोगशाळेत ही रेघ बरेचदा ८० टक्के अल्कोहोलने ओढतात : जे खाली बसते ते बहुशर्करा, जे वर राहते ते लहान. पण इन्युलिनच्या (फ्रुक्टोजपासून बनलेल्या बहुशर्करेच्या) दहाहून लांब साखळ्यांचा बराच भाग त्या अल्कोहोलमध्येही विरघळलेला राहतो आणि चुकीच्या बाजूला मोजला जातो, म्हणून त्यासाठी विकर वापरून वेगळे मोजमाप करावे लागते.