एकोणतीस खलाशी आणि साडेसहा मिनिटांचं गाणं

नोव्हेंबर १९७६ मध्ये अमेरिकेत लोकप्रिय गाण्यांच्या बिलबोर्ड यादीत दुसऱ्या क्रमांकावर एक गाणं होतं, ज्याला ध्रुवपदच नव्हतं. सुरुवातीपासून शेवटपर्यंत एकच चाल, आणि त्या चालीत एका मालवाहू जहाजाचा शेवटचा प्रवास. जहाज कुठून निघालं, पोटात माल किती होता, वारा कसा फिरला, माणसं किती गेली, असं सगळं क्रमानं सांगितलेलं. ज्या एकोणतीस माणसांबद्दल ते होतं त्यांचं वर्षश्राद्ध त्याच महिन्यात आलं होतं.

गाण्याचं नाव ‘द रेक ऑफ दि एडमंड फिट्झजेराल्ड’. लिहिणारा, चाल लावणारा आणि गाणारा एकच: कॅनडाचा गॉर्डन लाइटफूट. १० नोव्हेंबर २०२५ रोजी त्या दुर्घटनेला ५० वर्षं झाली. जहाजं बुडतात, त्यांच्यावर गाणीही होतात, पण हे गाणं पुढची चाळीसेक वर्षं ज्या रीतीनं आपल्या माणसांना बांधील राहिलं, ते मला फार मोलाचं वाटतं. म्हणून त्याची हकिगत जरा मागून सांगतो.

एडमंड फिट्झजेराल्ड हे मुळात एका विमा कंपनीच्या अध्यक्षाचं नाव. नॉर्थवेस्टर्न म्युच्युअल या कंपनीनं गुंतवणूक म्हणून जहाज बांधून घेतलं आणि त्याला अध्यक्षांचं नाव दिलं. ७ जून १९५८ रोजी मिशिगनमधल्या रिव्हर रूज इथे ते पाण्यात उतरलं, तेव्हा उत्तर अमेरिकेच्या पंचमहासरोवरांतलं सगळ्यांत मोठं जहाज तेच होतं. लांबी ७२९ फूट. अध्यक्षांच्या पत्नीला शॅम्पेनची बाटली फोडायला तीन प्रयत्न करावे लागले, आणि दुर्घटनेनंतर लोक त्याला अपशकुन म्हणू लागले. मला त्यापेक्षा दुसरी आठवण जवळची वाटते. पीटर पल्सर नावाचे त्याचे एक कप्तान डेट्रॉइट नदीतून जाताना जहाजाच्या ध्वनिवर्धकावरून संगीत लावायचे. काठावरची माणसं फिट्झजेराल्ड ओळखायची ती अशी. जहाज लोकांच्या ओळखीचं होतं, लाडकं होतं.

काम मात्र रुक्ष. सुपीरियर सरोवराच्या पश्चिम टोकाला, मिनेसोटाच्या खाणींजवळ, कमी प्रतीच्या लोहखनिजाच्या गोळ्या भरायच्या आणि डेट्रॉइट, टोलीडोच्या पोलाद कारखान्यांकडे उतरवायच्या. त्या गोळ्यांना टॅकोनाइट म्हणतात. सतरा वर्षं हीच ये-जा चालली.

सरोवर या शब्दानं आपली फसगत होते. सुपीरियरचं क्षेत्रफळ सुमारे ८२,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या पाव भागाहून मोठं. नोव्हेंबरात तिथे वादळं येतात ती समुद्राला शोभतील अशी. पाणी इतकं थंड, की तळाशी गेलेलं शरीर कुजून फुगत नाही आणि वर येत नाही. हे सरोवर आपले मृत परत देत नाही, असं तिकडे म्हणतात त्याचं कारण हे आहे.

९ नोव्हेंबर १९७५ च्या दुपारी फिट्झजेराल्ड विस्कॉन्सिनमधल्या सुपीरियर बंदरातून निघालं. पोटात २६,००० टनांवर टॅकोनाइट. कप्तान अर्नेस्ट मॅकसॉर्ली, वय ६३, निवृत्तीच्या उंबरठ्यावर. मागून आर्थर एम. अँडरसन हे दुसरं मालवाहू जहाज त्याच दिशेनं येत होतं. वादळाचा इशारा आल्यावर दोघांनी कॅनडाच्या किनाऱ्याच्या आडोशानं जाणारा उत्तरेचा लांबचा मार्ग धरला. दुसऱ्या दिवशी दुपारी साडेतीनच्या सुमारास मॅकसॉर्लींनी अँडरसनला कळवलं, की कठडा तुटलाय, हवेची दोन झाकणं निकामी झालीत आणि जहाज एका बाजूला कललंय. दोन्ही पंप चालू होते. थोड्या वेळानं रडार बंद पडलं. पुढे व्हाइटफिश पॉइंट या भूशिरावरचा, जहाजांना दिशा दाखवणारा रेडिओ बीकनही बंद होता. रात्र झाली, बर्फ पडत होतं, आणि फिट्झजेराल्डला वाट दाखवायला मागच्या जहाजाचं रडार तेवढं उरलं.

संध्याकाळी सात दहाला अँडरसनवरून विचारलं गेलं, तुमच्या अडचणींचं काय झालं? उत्तर आलं: आम्ही तग धरून आहोत.

त्यानंतर काही मिनिटांतच रडारच्या पडद्यावरून ठिपका गेला. मदतीची हाक नाही, काही नाही. आसऱ्याचा व्हाइटफिश उपसागर तिथून अवघा २७ किलोमीटर. सुखरूप पोहोचत आलेले अँडरसनचे कप्तान बर्नी कूपर शोधासाठी आपलं जहाज घेऊन पुन्हा त्याच वादळात शिरले. हे गाण्यात नाही, आणि असायला हवं होतं असं मला नेहमी वाटतं. दोन लाइफबोटी सापडल्या. माणूस एकही नाही. जहाज ५३० फूट खोल तळाशी दोन तुकडे होऊन पडलेलं आढळलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी डेट्रॉइटच्या मरिनर्स चर्चमध्ये धर्मगुरू रिचर्ड इंगल्स यांनी घंटा वाजवली. एका माणसामागे एक, असे एकोणतीस टोल.

लाइटफूट तेव्हा ३७ वर्षांचा होत होता. ओंटारियोतल्या ऑरिलिया गावचा, टोरांटोच्या कॉफीहाउसांमध्ये गिटार घेऊन मोठा झालेला. १९७४ मध्ये ‘सनडाउन’ हे त्याचं गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर गेलं होतं, तेव्हा नाव-पैसा दोन्ही होतं. तो स्वतः शिडाची होडी चालवायचा आणि हे पाणी त्याच्या माहितीचं होतं. दुर्घटनेची बातमी त्यानं ऐकली होतीच, पण गाणं सुचलं ते न्यूजवीक साप्ताहिकातल्या लेखानं. त्यात जहाजाच्या नावाचं स्पेलिंग चुकलं होतं. एकोणतीस माणसं गेली आणि यांना जहाजाचं नावही नीट लिहिता येत नाही, याचा त्याला राग आला. या गाण्याच्या मुळाशी हा राग आहे.

इतिहास गाण्यात बांधायचा अनुभव त्याच्याकडे होता. कॅनडाच्या शताब्दी वर्षाच्या आरंभी, १९६७ साली, सरकारी प्रसारण संस्थेसाठी त्यानं देशाच्या रेल्वेबांधणीवर लांबलचक गाणं केलं होतं. पण रेल्वे बांधणारे मजूर केव्हाच गेलेले. इथे विधवा होत्या, आया होत्या, नुकतीच पोरकी झालेली मुलं होती. तपशील चुकला तर काय, या काळजीनं तो अडून बसला. निर्माता लेनी वॉरॉन्कर यानं त्याला समजावलं, की तू फक्त गोष्ट सांग.

डिसेंबर १९७५ मध्ये, दुर्घटनेला महिनाभर होतो न होतो तोच, टोरांटोच्या ईस्टर्न साउंड स्टुडिओत ते ध्वनिमुद्रित झालं. ढोलकवादक बॅरी कीन यानं विचारलं, मी कुठे सुरू करू? लाइटफूट म्हणाला, मान हलवीन तेव्हा. आपण जे ऐकतो तो तोच पहिला टेक. हेडफोन लावून ऐकलं तर ही जागा स्पष्ट कळते. आधी बारा तारांचं गिटार आणि आवाज, झोका घेणारी तिनाची लय, मध्ये टेरी क्लेमेंट्सच्या इलेक्ट्रिक गिटारची किंकाळीसारखी ओढ. मग वादळ चढतं आणि ढोल आत येतात. लोकगीताचा सांगाडा आणि रॉकचं बळ, दोन्ही एकाच वेळी. चाल आयरिश वळणाची आहे. पुढे तुरुंगात असलेल्या आयरिश बंडखोर बॉबी सँड्सनं त्याच चालीवर काळ्या पाण्यावर पाठवलेल्या आयरिश कैद्यांचं गाणं लिहिलं आणि ते क्रिस्टी मूरनं गायलं.

लाइटफूटचा आवाज या गाण्यात कुठेही रडवेला होत नाही. पोवाडा सांगणारा शाहीर जसा प्रसंगाच्या मागे उभा राहतो, तसा तो उभा आहे. एकच जागा त्यानं कल्पनेनं भरली: वादळात जहाजाचा स्वयंपाकी डेकवर येऊन सांगतो की आता जेवण वाढणं व्हायचं नाही, आणि निरोप घेतो. आत काय बोलणं झालं ते सांगायला कुणी उरलं नव्हतं. तरी खरा वाटतो तो हाच प्रसंग, कारण मरणाच्या दारातही त्याला आपल्या माणसांच्या जेवणाची पडली आहे.

तीन मिनिटांच्या गाण्यांना सरावलेल्या रेडिओवर हे चालेल असं कुणाला वाटावं? सिंगल काढताना थोडी काटछाट झाली, तरी ते सहा मिनिटांच्या आसपासच राहिलं. ‘समरटाइम ड्रीम’ या अल्बममधून ते आलं, कॅनडात पहिलं आणि अमेरिकेत दुसरं ठरलं. वर रॉड स्ट्युअर्टचं प्रेमगीत होतं. पुढच्या वर्षी ग्रॅमीच्या ‘साँग ऑफ द इयर’साठी नामांकन मिळालं, पुरस्कार मिळाला नाही. आकड्यांचं एवढं पुरे. खरा प्रतिसाद पंचमहासरोवरांच्या काठच्या घरांतून आला. मृतांच्या नातेवाइकांनी गाणं आपलं मानलं, आणि लाइटफूटनं त्यांच्याशी संबंध राखला.

पण काळजी खरी ठरली होती, चुका होत्याच. जहाज क्लीव्हलंडला निघाल्याचं गाणं सांगतं, प्रत्यक्षात ते डेट्रॉइटजवळच्या झग बेटाकडे चाललं होतं. मरिनर्स चर्चला त्यानं कुबट म्हटलं होतं. आमचं चर्च कुबट नाही हो, असं तिथल्या एका भाविकानं सांगितलं, तेव्हापासून मैफलीत तो कुबटऐवजी साधंसुधं असा शब्द गाऊ लागला.

तिसरी चूक गंभीर. संध्याकाळी सात वाजता एका मुख्य हॅचचं, म्हणजे डेकवरच्या माल भरायच्या तोंडाचं, झाकण कोसळलं, अशी ओळ गाण्यात आहे. नंतरच्या सरकारी चौकशांचा रोखही तसाच होता. तटरक्षक दलाच्या १९७७ च्या अहवालानं झाकणं नीट बंद नसल्यानं पाणी शिरलं असं म्हटलं, तर १९७८ मध्ये वाहतूक सुरक्षा मंडळानं झाकण कोसळल्याचा निष्कर्ष काढला. जहाजमालकांच्या संघटनेला ते पटलं नाही. कॅरिबू बेटाजवळच्या उथळ खडकाळ भागावर तळ घासला असावा, असं तिचं म्हणणं. वाद आजही मिटलेला नाही. पण झाकणं बंद करणं हे डेकवरच्या पोरांचं काम होतं. त्यांच्या घरच्यांनी हे गाणं रेडिओवर ऐकायचं म्हणजे दर वेळी आपल्या मुलावर ठपका ऐकायचा.

२०१० मध्ये एका कॅनेडियन माहितीपटानं जहाज बुडण्याला खलाशांची चूक कारण नसावी, अशी मांडणी केली. लाइटफूटनं ती पाहिली आणि सत्तरी ओलांडलेल्या त्या माणसानं आपल्या सगळ्यांत अभिमानाच्या गाण्यातली ती ओळ बदलली. मैफलीत झाकण कोसळेनासं झालं. सात वाजता नुसता अंधार पडू लागला. चौतीस वर्षांनी, लोकांना तोंडपाठ झालेली ओळ.

१ मे २०२३ रोजी लाइटफूट गेला, वयाच्या ८४ व्या वर्षी. दुसऱ्या दिवशी मरिनर्स चर्चची घंटा तीस वेळा वाजली. एकोणतीस खलाशांचे, आणि एक त्याचा. जहाजाची स्वतःची घंटा १९९५ मध्ये तळावरून काढली होती; ती व्हाइटफिश पॉइंटच्या संग्रहालयात आहे, आणि तिच्या जागी एकोणतीस नावं कोरलेली दुसरी घंटा खाली ठेवली आहे.

मूळ ध्वनिमुद्रण त्यानं बदललं नव्हतं. रेडिओवर गाणं लागतं तेव्हा चर्च अजून कुबटच असतं आणि सात वाजता झाकण कोसळतं. दुरुस्त शब्द ऐकायचे तर २०१० नंतरच्या एखाद्या मैफलीचं ध्वनिमुद्रण शोधावं लागतं, थकलेल्या, बारीक झालेल्या आवाजातलं.