वॅट आणि युनिट: जिन्यावर आणि मीटरसमोर कळणारा फरक

नववीच्या मुलांना इस्त्रीवरचा आकडा वाचायला सांगितला, की ती ‘१००० वॅट’ बिनचूक वाचतात. मग ‘ही इस्त्री किती युनिट खाते?’ असं विचारलं, की बरीच जण लगेच ‘एक’ म्हणतात. किती वेळ चालू होती, हे कुणी विचारत नाही. मोठ्यांचंही तेच होतं. महावितरणच्या बिलावर मंजूर भार किलोवॅटमध्ये असतो आणि वापर युनिटमध्ये, तरी दोन्ही आकडे ‘विजेचेच’ म्हणून एक समजले जातात.

वॅट ही शक्ती, म्हणजे ऊर्जा किती वेगाने वापरली जाते ते. युनिट ही ऊर्जा, म्हणजे एकूण किती वापरली ते. १००० वॅटचं उपकरण एक तास चाललं की एक युनिट, म्हणजेच एक किलोवॅट-तास; ऊर्जा मोजायच्या ज्यूल या एककात ३६ लाख ज्यूल. काही जण याला ‘किलोवॅट प्रति तास’ म्हणतात, ते चूक आहे. इथे तासाने भागायचं नाही, गुणायचं. पण फळ्यावर लिहिलेलं हे सगळं वर्ग संपेपर्यंतच टिकतं.

म्हणून मुलांना जिन्यापाशी न्यावं. टेप, वजनकाटा आणि स्टॉपवॉच पुरे. ४० किलो वजनाचं मूल ३ मीटर उंच चढलं, की गुरुत्वाकर्षणाविरुद्ध सुमारे ११७६ ज्यूल कार्य होतं. रमतगमत १२ सेकंदांत चढलं तर ९८ वॅट, धावत ४ सेकंदांत चढलं तर २९४ वॅट. ज्यूल तेवढेच, वॅट तिप्पट. धाप लागलेल्या मुलाला विचारावं, ‘मग तू जास्त कार्य केलंस का?’ इथे जो वाद होतो तो शिक्षकाने घाईने मिटवू नये, धडा त्या वादातच आहे. नंतर हिशेब करू द्यावा: एक युनिट भरायला हा जिना तीन हजारांहून जास्त वेळा चढावा लागेल!

दुसरा प्रयोग घरी, मोठ्या माणसाच्या सोबतीने आणि मीटरला हात न लावता. डिजिटल मीटरवर एक लाल दिवा लुकलुकतो आणि किती लुकलुकींचं एक युनिट, ते मीटरवरच छापलेलं असतं. तो आकडा मीटरगणिक वेगळा असतो, म्हणून आधी तो वाचावा. समजा ३२०० आहे. फ्रिजसकट सगळं बंद करून फक्त ९ वॅटचा एलईडी लावला, तर दोन लुकलुकींमध्ये दोन मिनिटांहून थोडा जास्त वेळ जातो. १००० वॅटची इस्त्री लावली, की मिनिटाला सुमारे ५३. लुकलुकण्याचा वेग म्हणजे वॅट, मोजलेल्या लुकलुकी म्हणजे युनिट. इस्त्री तापून आपोआप बंद झाली, की दिवाही थांबतो. वॅट शून्यावर येतात, पण वापरलेली ऊर्जा मीटरमध्ये नोंदलेलीच राहते. हा क्षण मुलांनी चुकवू नये.

मग वर्गात एक प्रश्न टाकावा आणि गणित करण्याआधी हात वर करायला लावावेत: १५०० वॅटचा पाणी तापवायचा रॉड अर्धा तास, की ७५ वॅटचा पंखा दिवसरात्र? रॉडचं पाऊण युनिट होतं, पंख्याचं १.८.