ख्रिस्ती लोक नरकाच्या भीतीने देवाची इच्छा पाळतात का?

‘ख्रिस्ती माणूस देवाच्या इच्छेप्रमाणे वागतो तो नरक टळावा आणि स्वर्ग मिळावा म्हणून’ असा मजकूर वर्षानुवर्षे फिरतो आहे. असं वाटणं स्वाभाविक आहे, कारण बायबलमध्ये न्याय आणि शिक्षेचे इशारे खरोखरच आहेत. पण आज्ञापालनाचं मूळ तिथे नाही.

पडताळायचं असेल तर बायबलमधल्या निर्गम या पुस्तकाचा 20वा अध्याय उघडा. दहा आज्ञा सगळ्यांना माहीत असतात, त्यांच्या आधीचं दुसरं वचन मात्र नजरेतून सुटतं. तिथे देव इस्राएल लोकांना म्हणतो की, मी तुला मिसर (इजिप्त) देशातून, गुलामगिरीतून बाहेर आणलं. म्हणजे सुटका आधी झाली, आज्ञा नंतर आल्या. आज्ञा पाळल्या म्हणून सुटका झाली, असं नाही. मला हा क्रमच सगळ्यात महत्त्वाचा वाटतो.

नव्या करारातही, म्हणजे बायबलच्या येशूनंतरच्या भागातही, तोच क्रम आहे. इफिसकरांस पत्र, अध्याय 2, वचनं 8 ते 10 सलग वाचा: तारण (म्हणजे पापातून सुटका) कृपेने, कर्मांनी नव्हे, आणि लगेच पुढे, सत्कर्मं करण्यासाठीच आपल्याला घडवलं आहे. येशूच्या शेजारी वधस्तंभावर खिळलेल्या गुन्हेगाराला तर सत्कर्मं करायला वेळच उरला नव्हता, तरी येशूने त्याला सुखलोकाचं वचन दिलं (लूक 23:43).

मग पाळायचं कशासाठी? योहान 14:15 मध्ये येशू सांगतो, माझ्यावर प्रेम असेल तर माझ्या आज्ञा पाळाल. कर्मांचं नेमकं स्थान काय, यावर पंथांमध्ये मतभेद आहेत. पण पुढाकार देवाच्या कृपेचा, हे कॅथलिक आणि प्रोटेस्टंट दोघेही मानतात.