जहाजावरची माणसं कमी होत गेली त्याची गोष्ट

आमच्या नेरूळ-सीवूड्सकडे शिपवर जाणारे भरपूर, करावेला टी.एस. चाणक्य ही जहाजी शिक्षणाची संस्था, बेलापुरात जहाजांना माणसं पुरवणाऱ्या मॅनिंग एजन्सींची ऑफिसं आणि खाडीपलीकडे न्हावा शेवा, त्यामुळे आता बिनमाणसांची जहाजं येणार, नोकऱ्या जाणार ही चर्चा इथे सारखी कानावर येते. पण हे काही आजचं नाही हो.

कोळशाच्या जहाजांवर भट्टीत फावड्याने कोळसा टाकणारे आगवाले असायचे, त्यात आपल्या कोकणातली माणसंही होती. १९१२ ला सेलँडिया हे डिझेल जहाज निघालं आणि पुढच्या काही दशकांत आगवाला हे कामच संपलं, इंजिनची तेलपाण्याची कामं करणारा तेलवाला मात्र अजून आहे.

मग १९६० च्या दशकापासून इंजिन रूम रात्री रिकामी ठेवायची सोय आली. ऐकायला मस्त वाटतं, पण ड्युटी इंजिनियरच्या केबिनमध्ये अलार्म पॅनल असतं, रात्री तीनला ते कोकललं की बॉयलर सूट चढवून खाली पळायचं, आणि त्याने ठरावीक मिनिटांत अलार्म घेतला नाही तर बाकीच्यांनाही जाग येते. म्हणजे वॉच (पहाऱ्याची पाळी) गेली, झोप काही मिळाली नाही!

रेडिओ ऑफिसर तर पूर्ण पदच गेलं. १ फेब्रुवारी १९९९ पासून जीएमडीएसएस, म्हणजे संकटात उपग्रह आणि रेडिओवरून मदत मागायची जागतिक व्यवस्था, पूर्ण लागू झालं, मोर्सच्या टिकटिक संदेशांची गरज संपली आणि रेडिओचं काम डेक ऑफिसरांच्या गळ्यात पडलं. सेकंड मेट (नकाशे सांभाळणारा डेक ऑफिसर) पूर्वी दर आठवड्याच्या दुरुस्त्यांच्या नोटिसा घेऊन कागदी चार्टवर, म्हणजे समुद्राच्या नकाशावर, जांभळ्या शाईने एकेक दुरुस्ती करत बसायचा, २०१२ ते २०१८ मध्ये टप्प्याटप्प्याने एक्डिस, म्हणजे इलेक्ट्रॉनिक नकाशाची यंत्रणा, सक्तीचं झालं आणि ते काम कॉम्प्युटरवर गेलं. हे मात्र बरंच झालं.

माझ्या मते सगळ्यात मोठा फटका कंटेनरचा. १९५६ ला आयडियल एक्स ५८ कंटेनर घेऊन नेवार्कहून ह्यूस्टनला गेलं तिथून सुरुवात, आपल्याकडे न्हावा शेवा १९८९ ला सुरू झालं. आधी माल उतरवायला आठवडा-आठवडा लागायचा, क्रू गाव फिरून यायचा, आता अवाढव्य जहाज वीस-पंचवीस माणसांवर चालतं आणि एका दिवसात बंदर सोडतं, शोअर लीव्ह, म्हणजे बंदरात उतरायची सुट्टी, कुठली घेणार?

डिसेंबर २०२४ पासून एमएलसी या खलाशांच्या हक्कांच्या आंतरराष्ट्रीय करारातल्या सुधारणांमुळे क्रूला शक्य तिथे इंटरनेट द्यायचंय. घरी व्हिडिओ कॉल होतो हे खरंच मोठं सुख, फक्त त्याच नेटवरून ऑफिसचे ईमेलही रात्रंदिवस येतात आणि त्यांना उत्तरं द्यायला वेगळा माणूस कोणी ठेवलेला नाही.