थंड पाण्याच्या गावातली तहान

मासाई भाषेत 'एन्कारे न्यीरोबी' म्हणजे थंड पाणी. केनियाची राजधानी नैरोबी, तिचं नाव त्यावरूनच पडलं. १८९९ मध्ये मोंबासाकडून येणारा लोहमार्ग त्या पाणथळ माळावर पोचला आणि शहर वसत गेलं. ब्रिटिश वसाहतीच्या सरकारला तिथे आफ्रिकी माणूस हवा होता तो फक्त मजूर म्हणून. काम संपलं की त्यानं गावाकडे परतायचं, असं धोरण. मग त्याच्यासाठी नळ कोण टाकणार? शहराच्या कडेच्या किबेरात ब्रिटिशांच्या फौजेतल्या नुबियन (मूळच्या सुदानी) सैनिकांना राहायला जागा मिळाली, जमिनीची मालकी नाही. १९६३ च्या स्वातंत्र्यानंतर खेड्यांतून लोंढे आले. किबेरा दाटला, माथारे, मुकुरू, कोरोगोचो फुगत गेले. सरकारदरबारी या वस्त्या बेकायदा, त्यामुळे शहराची जलवाहिनी त्यांच्या वेशीशीच थांबली.

वेशीच्या आत पाणी शिरलं ते विक्रेत्यांच्या हातून. मुख्य वाहिनीला जोडलेल्या बारीक प्लॅस्टिकच्या नळ्या गटारातून, एकमेकींत गुंतत, झोपड्यांमधून जातात. नळी कुठेतरी चिरलेली असतेच. पाण्याचा दाब गेला की ती गटारातली घाण आत ओढते, आणि पाणी पुन्हा सुटलं की तीच घाण वीस लिटरच्या पिवळ्या कॅनमध्ये उतरते. पटकी आणि विषमज्वर इथून हटत नाहीत, त्याचं मोठं कारण हे. शिवाय हे पाणी विकतचं. बंगल्यात नळ असलेल्या माणसापेक्षा झोपडीतली बाई लिटरमागे कित्येक पट जास्त मोजते. टंचाईत तर भाव विक्रेता सांगेल तो.

ख्रिस्ती संस्था या वस्त्यांत आल्या त्या बहुतेक शाळा आणि दवाखाने घेऊन. मुकुरूत आयर्लंडमधून आलेल्या 'सिस्टर्स ऑफ मर्सी' या कॅथलिक संघाच्या धर्मभगिनींनी १९८५ मध्ये काम सुरू केलं. कोरोगोचोत कोंबोनी या कॅथलिक मिशनरी संघाचे इटालियन पाद्री आलेक्स झानोतेल्ली जवळजवळ एक तप वस्तीतच राहिले. तहानलेल्याला पाणी पाजलंत ते मलाच पाजलंत, ही येशूची शिकवण. पण जुलाबानं गळून गेलेलं मूल औषध घेऊन त्याच पाण्याकडे परतत असेल, तर दवाखाना तरी किती पुरणार?

देणगीदारांना कूपनलिका आवडते: खणली, टाकी बसवली, नळकोंडाळं उभं राहिलं, काम डोळ्यांना दिसतं. त्यानं बाईचा हेलपाटा वाचतो, हे मोलाचंच आहे. पण नैरोबीच्या भूजलात फ्लोराइड अनेक ठिकाणी प्रमाणाबाहेर आहे. वर्षानुवर्षं ते पाणी प्यायलेल्या मुलांचे दात तपकिरी पडतात. शिवाय भूजलाची पातळीही खाली चाललीय. शहराला पाणी पुरवणाऱ्या न्दाकाइनी धरणाचं शुद्ध केलेलं पाणी पक्क्या वाहिनीनं वस्तीत आणल्याशिवाय हा प्रश्न सुटणार नाही, असं मला ठामपणे वाटतं.

म्हणूनच चर्चची भाषा दयेकडून हक्काकडे वळली, ही मला या इतिहासातली सर्वांत महत्त्वाची घडामोड वाटते. केनियाच्या २०१० च्या राज्यघटनेनं कलम ४३ मध्ये स्वच्छ आणि पुरेसं पाणी हा प्रत्येकाचा हक्क मानला. २७ नोव्हेंबर २०१५ रोजी पोप फ्रान्सिस कांगेमी झोपडपट्टीतल्या जेझुइट या कॅथलिक संघाच्या चर्चमध्ये आले. कागदपत्रांच्या सबबी सांगून कुटुंबाला पाणी नाकारणं हा मोठा अन्याय आहे, आणि त्या गरजेवर कुणी नफा कमावत असेल तर अधिकच, असं ते तिथे बोलले. झानोतेल्ली तोवर इटलीत परतून पाण्याच्या खासगीकरणाविरुद्धच्या चळवळीचा चेहरा बनले होते. २०११ च्या सार्वमतात तिथे मतदान केलेल्या सुमारे ९५ टक्के लोकांनी त्या चळवळीच्या बाजूनं कौल दिला.